स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास? वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया ठरवण्याआधी काय काय तपासायचं

ताईचं वजन ९८ किलो होतं, उंची १५५ सेंटिमीटर, वय ४४, आणि मधुमेहाला सहा वर्षं झाली होती. २०१८ साली एका रुग्णालयात पहिल्याच भेटीत तिला सांगितलं गेलं, "तुमची स्लीव्ह करू. सोपं असतं, तीन दिवसांत घरी." आम्ही दोघी बहिणींनी मान डोलावली. वजन उतरलं, साखर उतरली, पण वर्षभरात ताईची झोप उडाली. आडवं झालं की घशाशी आंबट पाणी. तीन उशा रचून बसल्यासारखी झोपायची बिचारी. २०२२ मध्ये दुसऱ्या सर्जननी त्या स्लीव्हचा बायपास केला, तेव्हा कुठे ती पाठ टेकून झोपायला लागली. या सर्जनांचा पहिलाच प्रश्न होता, "आधीच्या ऑपरेशनपूर्वी दुर्बिणीनं पोट तपासलं होतं का?" नव्हतं तपासलं. ताईला कॉलेजपासून पित्ताचा त्रास होता. तो तिला कुणी विचारला नव्हता आणि आम्हीही सांगितला नव्हता.

मी डॉक्टर नाही. ताईबरोबर चार वर्षं ओपीडीच्या बाकांवर बसले, प्रश्न विचारले, मिळेल ते वाचलं. आम्ही ज्या क्रमानं जायला हवं होतं, त्या क्रमानं इथे लिहिते आहे. निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा, पण त्यांच्यासमोर बसाल तेव्हा हातात वही आणि डोक्यात प्रश्न असू द्यात.

पहिली पायरी: आकडा काढा आणि दोन्ही नियम बघा

वजन किलोत, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं, की बीएमआय मिळतो. ताईचं उदाहरण घ्या: १.५५ गुणिले १.५५ म्हणजे २.४०, आणि ९८ भागिले २.४० म्हणजे ४१च्या जरा अलीकडे.

आपल्या लोकांच्या पोटाभोवती कमी वजनातही चरबी साठते आणि मधुमेह लवकर जडतो, म्हणून भारतीयांसाठी मर्यादा खाली आणल्या आहेत. इथले बरेच सर्जन वर्षानुवर्षं एकच हिशोब धरत आले आहेत: सोबत आजार नसेल तर ३७.५, आणि मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असं काही असेल तर ३२.५. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सर्जन संघटनांनी नवी शिफारस केली. त्यानुसार ३५ च्या वर आजार असो-नसो शस्त्रक्रियेचा सल्ला देता येतो, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार करता येतो.

विम्याचा नियम मात्र वेगळा आहे, आणि घरोघरी गोंधळ होतो तो इथेच. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असावा लागतो. नाहीतर ३५ च्या वर असून सोबत हृदयाचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असावा लागतो. वय १८ पूर्ण हवं, डॉक्टरांचा सल्ला लेखी हवा, आणि आधी साधे उपाय करून उपयोग झाला नाही हेही दाखवावं लागतं. म्हणजे १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन ७८ किलो असेल आणि तिला मधुमेह असेल, तर सर्जन हो म्हणतील आणि विमा कंपनी नाही म्हणेल. त्यामुळे आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, जुने वजनाचे कागद, शुगरचे रिपोर्ट आजपासून एका फाइलमध्ये लावा. पॉलिसी नवी असेल तर थांबण्याचा काळ किती आहे, हे लेखी विचारून घ्या. तोंडी आश्वासनावर ॲडमिट होऊ नका.

दुसरी पायरी: कुठल्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात

नावं ऐकून घाबरायला होतं, पण चित्र साधं आहे. सगळं दुर्बिणीतूनच होतं, पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पडतात.

स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग, कधी त्याहून थोडा अधिक, कापून बाहेर काढतात. उरते केळ्याच्या आकाराची निमुळती नळी. आतड्याला हात लावत नाहीत. जठराच्या वरच्या फुगीर भागात भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं. तो भाग गेल्यामुळे भूकही मंदावते. मूळ कल्पना फार जाड रुग्णांसाठी होती. त्यांच्यावर मोठं ऑपरेशन एकदम करणं धोक्याचं, म्हणून आधी फक्त जठर लहान करायचे आणि आतड्याचं काम नंतर. पुष्कळांचं वजन पहिल्या टप्प्यातच इतकं उतरलं, की ते स्वतंत्र ऑपरेशन झालं. काढलेलं जठर परत लावता येत नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा.

बायपास, ज्याला आरवायजीबी किंवा 'रू-एन-वाय' म्हणतात, त्यात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी वेगळी करतात, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे. लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक या पिशवीला जोडतात, आणि वरून पाचकरस घेऊन येणारं टोक पुढे आणखी खाली जोडतात. त्यामुळे जोड दोन. उरलेलं जठर पोटातच राहतं, फक्त अन्न त्यातून जात नाही. सीझर रू या स्विस सर्जनच्या नावावरून हे नाव पडलं. लठ्ठपणासाठी जठराचा बायपास अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी १९६०च्या दशकात सुरू केला, म्हणजे हे ऑपरेशन जुनं, पारखलेलं आहे.

मिनी बायपासमध्ये जठराची लांबट नळी करतात आणि आतड्याचा एक वेटोळा वर ओढून तिला एकाच ठिकाणी जोडतात. १९९७ मध्ये रॉबर्ट रटलेज यांनी ही पद्धत आणली. आपल्याकडे ती बरीच होते, कारण वेळ कमी लागतो आणि वजन चांगलं उतरतं. 'मिनी' शब्दावर जाऊ नका. साधारण दीड ते दोन मीटर आतडं वगळलं जातं, त्यामुळे शरीरावर होणारा परिणाम मुळीच छोटा नसतो. फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासात (२०१९) दोन मीटर आतडं वगळलेल्या मिनी बायपासची तुलना रू-एन-वायशी केली. दोन वर्षांनी वजन सारखंच उतरलं होतं, पण जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी मिनी बायपासमध्ये जास्त होत्या. म्हणून सर्जनना विचारायचं, "माझं किती सेंटिमीटर आतडं वगळणार?"

याशिवाय ड्युओडिनल स्विच आणि साडी-एस ही आतड्याचा बराच भाग वगळणारी ऑपरेशन्स आहेत. वजन सगळ्यांत जास्त उतरतं, कुपोषणाचा धोकाही सगळ्यांत जास्त. फार मोठा बीएमआय असेल तरच तो विषय निघतो. जठराला बांधायचा पट्टा आता जवळजवळ मागे पडला आहे. पोटात ठेवायचा फुगा साधारण सहा महिन्यांनी काढावा लागतो आणि नंतर वजन परत येण्याची शक्यता मोठी असते.

तिसरी पायरी: पित्ताचं नीट सांगा आणि एंडोस्कोपी करून घ्या

या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल, तर ते हे राहू द्या.

आपल्या घरांत 'पित्त' या एका शब्दात सगळं मावतं. डोकं दुखलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या, पित्त. चहा जास्त झाला, पित्त. छातीत जळजळ, करपट ढेकर, रात्री घशाशी येणारं पाणी, तेही पित्तच. इतकं नेहमीचं झालेलं असतं की डॉक्टरांनी "काही त्रास?" म्हणून विचारलं तर आपण "नाही हो, तसं काही नाही" म्हणतो. आणि पर्समध्ये अँटासिडची पट्टी असते. ताईच्याही होती.

जठराची अरुंद नळी झाली की आतला दाब वाढतो, आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडप आधीच सैल असेल तर आम्ल वर येतं. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं स्लीव्ह आणि बायपासमध्ये विभागलं होतं. ज्यांना आधीच आम्लाचा त्रास होता, त्यांच्यापैकी स्लीव्हनंतर पाच वर्षांत सुमारे ३२ टक्क्यांचा त्रास वाढला, बायपासनंतर फक्त सुमारे ६ टक्क्यांचा. उलट बायपासनंतर ६० टक्क्यांचा त्रास पूर्ण गेला. फिनलंडच्या अभ्यासात दहा वर्षांनी दुर्बीण घातली, तेव्हा स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्क्यांच्या अन्ननलिकेला सूज किंवा व्रण दिसले आणि बायपासवाल्यांपैकी ७ टक्क्यांच्या.

त्यामुळे ऑपरेशनआधी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेली तपासणी, झालीच पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. त्यात तीन गोष्टी बघायला सांगा: अन्ननलिकेला सूज आहे का, जठराचा काही भाग वर छातीत सरकला आहे का, आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे का. पहिल्या दोन्हींपैकी काही ठळक असेल तर स्लीव्ह बाजूला ठेवून बायपासवर बोला. जंतू सापडला तर आधी औषधांचा कोर्स.

मिनी बायपासच्या बाबतीत शब्दांचा आणखी एक घोळ होतो. तिथे वर येऊ शकतो तो खरा पित्तरस, यकृतातून येणारा पिवळा-हिरवा कडू रस. आम्ल कमी करण्याच्या गोळ्यांचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. म्हणून आम्लाचा जुना त्रास असेल तर बहुतेक सर्जन रू-एन-वायकडेच वळतात, मिनीकडे नाही. डॉक्टर "पित्त" म्हणाले तर थांबवून विचारा, आम्ल की पित्तरस?

बायपासविरुद्ध एक मुद्दा इथेच सांगायला हवा. मागे राहिलेल्या जठरात साध्या एंडोस्कोपीनं नंतर पोहोचता येत नाही. घरात जठराच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर हे आधीच बोलून घ्या.

चौथी पायरी: मधुमेह किती जुना आहे?

पहिली पाच-सहा वर्षं, एक-दोन गोळ्या, इन्सुलिन नाही, अशा मधुमेहात स्लीव्ह आणि बायपास दोन्हींनी साखर छान खाली येते. मधुमेह जुना, इन्सुलिन चालू, तीन-चार औषधं घेऊनही एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) सातच्या वर, असं असेल तर स्वादुपिंड थकलेलं असतं आणि दोन्ही ऑपरेशन्सचा प्रभाव कमी पडतो. बायपासचा खरा फायदा मधल्या गटाला होतो. क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये या चार गोष्टींवरून गुण मोजायची पद्धत मांडली: किती औषधं, इन्सुलिन आहे का, किती वर्षं, साखर किती आटोक्यात. तुमच्या सर्जनना तो हिशोब तुमच्यासमोर मांडायला सांगा. सी-पेप्टाइडची रक्ततपासणी करून घ्या, शरीर स्वतः किती इन्सुलिन तयार करतं ते त्यात कळतं.

आणि "मधुमेह कायमचा बरा होतो" असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. साखर वर्षानुवर्षं गोळ्यांशिवाय चांगली राहते, तशी ती परतही येते. तपासणी आयुष्यभर.

पाचवी पायरी: टक्क्यांचा अर्थ विचारा

जाहिरातीत लिहिलेलं असतं, "७० टक्के वजन घटते." ताईला आणि मला वाटलं, ९८ चे तीस होतील की काय! हे टक्के असतात जादा वजनाचे. ताईच्या उंचीला बीएमआय २५ म्हणजे ६० किलो. ९८ वजा ६०, म्हणजे जादा ३८ किलो. त्याचे ७० टक्के म्हणजे साडेसव्वीस किलो. ९८ वरून साधारण ७१. ही घट चांगलीच आहे, पण स्वतःच्या आकड्यानं हिशोब केलेला असला की आरशासमोर निराशा होत नाही.

त्या फिनलंडच्या अभ्यासात दहा वर्षांनी स्लीव्हवाल्यांची जादा वजनातली सुमारे ४४ टक्के घट टिकली होती, बायपासवाल्यांची सुमारे ५२ टक्के. ताईच्या हिशोबात हा फरक तीन किलोंच्या आसपास पडतो. तीन किलोंसाठी बायपास निवडू नये आणि 'सोपी' म्हणून स्लीव्हही निवडू नये. अन्ननलिका, साखर, आणि पुढची पायरी, या तिन्हींवरून ठरवावं.

सहावी पायरी: पुढची तीस वर्षं डोळ्यांसमोर आणा

बायपास किंवा मिनी बायपास केला की लोह, कॅल्शियम, बी१२, ड जीवनसत्त्व हे रोजचं औषध, आयुष्यभर. स्लीव्हनंतरही घ्यावं लागतं, पण चुकलं तर नुकसान तुलनेनं हळू होतं. आपल्याकडे शाकाहारी बायकांचं बी१२ आणि हिमोग्लोबिन आधीच तळाला असतं. ते ऑपरेशनआधी भरून काढा. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातलं मागा, लोहाची गोळी त्याच्याबरोबर घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. दर महिन्याला या गोळ्यांचा खर्च किती, हे आधी विचारा. ज्या घरात बाईच्या औषधांवरून महिन्याअखेर कुरबुर होते, त्या घरात हा प्रश्न ऑपरेशनच्या खर्चाइतकाच मोठा आहे. गोळ्या नियमित होणार नाहीत असं प्रामाणिकपणे वाटत असेल, तर तसं सर्जनना सांगा. त्यावरून निवड बदलू शकते.

गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या रोज लागतात? बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वर्गातल्या गोळ्यांनी जोडावर व्रण होतो. त्या बंद करता येणार नसतील तर स्लीव्हकडे झुकायला हे कारण पुरेसं आहे. सिगारेट, विडीनंही तोच व्रण होतो. काही आठवडे आधी बंद, आणि नंतरही बंद. तंबाखू, मशेरी लावत असाल तर तेही लपवू नका. दारू बायपासनंतर फार लवकर चढते.

मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात. पीसीओएस असलेल्या मुलींनी विशेष लक्ष द्यावं. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस अनपेक्षितपणे राहू शकतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही, दुसरा उपाय डॉक्टरांशी आधीच ठरवा.

आणि गोड. बायपासनंतर पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी खाल्ली की अर्ध्या तासात घाम, धडधड, चक्कर, पोटात कळ येऊ शकते. याला डंपिंग म्हणतात. काहींना या धाकानं गोड सुटतं. काहींना सणासुदीला चारचौघांत बसणंच नकोसं होतं. स्वभाव बघून ठरवा.

सातवी पायरी: इंजेक्शनचा प्रश्न मोकळेपणानं विचारा

२०२५ मध्ये भारतात टिर्झेपाटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड आलं, आणि तेव्हापासून "ऑपरेशन कशाला, इंजेक्शन घेऊ" हे सगळीकडे ऐकू येतं. प्रश्न रास्त आहे. अभ्यासांत सेमाग्लुटाइडनं सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसनं सुमारे २१ टक्के वजन उतरलं. हे एकूण वजनाचे टक्के, वरच्या जादा वजनाच्या टक्क्यांशी गल्लत करू नका. शस्त्रक्रियेनं पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के उतरतं. इंजेक्शन थांबवलं की बरंचसं वजन परत येतं, त्यामुळे खर्च वर्षानुवर्षं चालू राहील असं धरूनच हिशोब करा. माझं मत विचाराल, तर बीएमआय ३२-३३ च्या आत असेल आणि औषध परवडत असेल, तर आधी ते करून बघावं. ४० च्या पुढे, मधुमेहासकट, तर शस्त्रक्रिया टाळत बसू नये.

आठवी पायरी: सर्जनसमोर बसाल तेव्हा

वहीत लिहून न्या. तुम्ही स्लीव्ह, बायपास, मिनी तिन्ही करता का? जो एकच करतो तो तुम्हालाही तेच सुचवणार, हे उघड आहे. वर्षाला किती करता? टाक्यांच्या रेषेतून गळती किती जणांना झाली? (अनुभवी केंद्रांत ती साधारण शंभरात एकाच्या आसपास असते. "आमच्याकडे कधीच झाली नाही" हे उत्तर मला पटत नाही.) रात्री दोन वाजता त्रास झाला तर कोण बघणार? आहारतज्ज्ञ तुमच्याकडे रोज आहेत की फक्त डिस्चार्जच्या दिवशी? पाच वर्षांनी किती रुग्ण तपासणीला येतात?

एंडोस्कोपीखेरीज सोनोग्राफी, टूडी इको, थायरॉइड आणि घोरत असाल तर झोपेची तपासणी झाल्याशिवाय तारीख घेऊ नका. पॅकेजची सवलत महिनाअखेर संपणार असेल तर संपू द्या.

ऑपरेशननंतरचं थोडंसं

पहिले दोन आठवडे पातळ: गाळलेलं वरणाचं पाणी, ताक, मुगाचं कढण, प्रोटीन पावडर. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि सहा आठवड्यांच्या पुढे नेहमीचं अन्न, मुठीएवढं. प्रथिनं दिवसाला किमान ६० ग्रॅम. अंड्यात सुमारे ६ असतात, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८. आपली पातळ आमटी या हिशोबात फारच मागे पडते, त्यामुळे ताटात आधी उसळ, पनीर किंवा अंडं, मग भाकरीचा तुकडा. जेवताना तांब्या-भांडं शेजारी नको, पाणी अर्ध्या तासानंतर. एकादशी, चतुर्थीला साबुदाण्यावर राहणं पहिलं वर्षभर सोडा. ताईनं देवापुढे तसं सांगून टाकलं आणि मोकळी झाली. झपाट्यानं वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी काही महिने गोळी देतात, ती मध्येच थांबवू नका.

उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर "होईल बरं" म्हणू नका. बी१ जीवनसत्त्व संपलं की नजर, चाल आणि स्मरणशक्ती यांवर कायमचा परिणाम होऊ शकतो. पहिल्या काही दिवसांत ताप, नाडी १२० च्या पुढे किंवा धाप म्हणजे गळतीची शंका, त्याच दिवशी रुग्णालय.

बायपास झालेल्यांनी आणखी एक जपायचं. वजन उतरल्यावर पोटातल्या फटींत आतडं अडकू शकतं, अगदी काही वर्षांनीही. अचानक, पिळवटून येणारी पोटदुखी हे त्याचं लक्षण. गावाकडच्या डॉक्टरांना तुमचं पोट आतून वेगळं जोडलेलं आहे हे बाहेरून कळणार नाही. ताईच्या पर्समध्ये जिथे पूर्वी अँटासिडची पट्टी असायची, तिथे आता लॅमिनेट केलेलं कार्ड असतं: ऑपरेशनचं नाव, तारीख, किती सेंटिमीटर आतडं कुठे जोडलं, कुठल्या वेदनाशामक गोळ्या द्यायच्या नाहीत, आणि सर्जनचा नंबर. त्याचाच फोटो माझ्या आणि भावजींच्या फोनमध्ये आहे.